सैनिकपत्नी, सुईणपण आणि आमचा पैसा

दरसाल डिसेंबर महिन्याच्या ७ तारखेस ध्वजदिन येतो. १९४९ सालापासून तो पाळला जात आहे. आणि त्या दिवशीं पेठेंतील दुकानदार, शाळेंतील मुलें व कचेऱ्यांतील कारकून छातीवर कागदी निशाण टांचून निधीच्या डब्यांत यथाशक्ति पैसा टाकतात. हा रिवाज चांगला आहे व तो चालू राहावा. परंतु ज्या शिपायाच्या नांवानें हा पैसा गोळा होतो, त्याच्या घरीं मागें राहणारी जी बायको, तिच्या हातीं यांतून काय पडतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. ध्वजदिनाचे हेतु तीन सांगितले जातात : लढाईंत जायबंदी झालेल्यांचें पुनर्वसन, नोकरींत असलेल्या जवानांचें व त्यांच्या कुटुंबांचें कल्याण, आणि निवृत्त सैनिकांची सोय. यांतील दुसरा हेतु शब्दशः घेतला, तर नोकरींत असलेल्या जवानाची पत्नी या निधीची हक्काची भागीदार ठरते. व्यवहार पाहूं लागलें म्हणजे मात्र निराळाच प्रकार दिसतो. तिच्या अंगीं कांहीं कसब यावें, चार पैसे तिनें स्वतःच्या हिमतीवर मिळवावे, यासाठीं जी रोख मदत ठरलेली आहे ती बहुधा तिचें कुंकू पुसलें गेल्यावर सुरू होते.

हें म्हणणें कोणास कठोर वाटेल, म्हणून दाखले देतों. केंद्रीय सैनिक मंडळाकडून धंदेशिक्षणासाठीं एकरकमी अनुदान मिळतें. तें पूर्वीं २० हजार रुपये होतें, २०२३ सालीं तें ५० हजार करण्यांत आलें. तें कोणास मिळतें ? हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या विधवांस. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं घरपट्टींत सूट देण्याची योजना काढली. ती माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्यांतील शेंकडा २ रुपये लोकोपयोगी कामांत खर्चण्याचें बंधन घातलें, व कोणतीं कामें त्यांत धरावींत हें सातव्या परिशिष्टांत सांगितलें. तेथें लष्करासंबंधीं जी ओळ आहे तींत निवृत्त सैनिक, युद्धांत पति गमावलेल्या विधवा व त्यांचे अवलंबित यांचा निर्देश आहे. तिन्ही ठिकाणचे शब्द वाचकांनीं एका ओळींत मांडून पाहावे : विधवा, माजी, विधवा. ज्या स्त्रीचा नवरा आज या घटकेस बर्फांत पहारा करीत उभा आहे, तिच्यासाठीं यांत एकही शब्द नाहीं.

लष्करी पत्नींची कल्याणसंस्था १९६६ पासून काम करीत आहे व छावण्यांतून स्त्रियांसाठीं शिवणकामादि वर्ग चालवीत आली आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. लष्करी शिक्षणसंस्थेचीं जालंदर व गौहत्ती येथें परिचर्येचीं महाविद्यालयेंही आहेत. पण तीं मुख्यत्वें सैनिकांच्या मुलींसाठीं आहेत, आणि महाराष्ट्रापासून दूर आहेत. छावणीच्या आवाराबाहेर, भाड्याच्या खोलींत अथवा सासरच्या घरीं राहणाऱ्या शिपायाच्या बायकोस यांपैकीं कशाचाच सहसा उपयोग होत नाहीं.

विधवेस मदत करूं नये असें कोण म्हणेल ? आमच्या सुधारकांनीं प्रथम तिचाच विचार केला, व तो योग्यच होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, तें फसविल्या गेलेल्या विधवांचीं बाळंतपणें निर्भयपणें व्हावींत म्हणून. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं आश्रम स्थापिला, तो विधवांसाठीं. रमाबाई रानडे यांच्या पुढारीपणाखालीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें व पुढें ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घेण्यास आमच्या स्त्रिया जाऊं लागल्या, तेव्हां त्यांतही विधवा पुष्कळ होत्या. त्या काळीं विधवेस दुसरा आधार नव्हता, आणि सधवेस नवऱ्याचा आधार आहे अशी समजूत होती. पण त्या काळाच्या गरजेंतून जी समजूत निघाली तीच आज नियम होऊन बसली आहे. विद्या ही आपत्तीवरचा उतारा आहे, आपत्तीच्या आधीं ती देण्याची गरज नाहीं, असा हा नियम आहे. आग लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत आतां सोडली पाहिजे.

या रीतीच्या उलट उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पनवेलहून जवळच असलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी विधवा नव्हत्या. पोस्टखात्यांतील एका बदलीच्या नोकराची ती पत्नी. नवऱ्याची बदली होईल तेथें तिचा संसार जावयाचा, आणि त्यांत अलिबागही आलें. पहिलें मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलें, आणि वैद्यकीच्या शिक्षणाचा निश्चय तिनें त्या दुःखांतून केला. १८८६ सालीं अमेरिकेंत ती डॉक्टर झाली, आणि तिनें प्रबंध लिहिला तोही हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्रावर. तिचें शिक्षण पुरें झालें तें परक्या बाईनें दिलेल्या आश्रयावर, महाविद्यालयानें दिलेल्या सवलतीवर व येथील उदार गृहस्थांच्या वर्गणीवर. बदलीच्या नोकराची बायको, बाळंतपणाची विद्या, आणि लोकांचा पैसा : आज आम्ही ज्या गोष्टीचा आग्रह धरीत आहों तिचीं हीं तिन्ही अंगें सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच एकत्र आलीं होतीं.

शिपायाच्या बायकोनें दुसरा एकादा धंदा न शिकतां बाळंतपणाचेंच काम कां शिकावें, असें कोणी विचारील. त्याचें पहिलें कारण असें कीं, या कामाची गरज तिला स्वतःच्या देहावरून कळलेली असते. आमच्यांत पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आहे. तिच्या पोटीं मोठें शहाणपण आहे. त्या वेळीं बाईस आपलें माणूस जवळ हवें असतें. परंतु फौजेंत रजा ही मागून मिळणारी वस्तु आहे, आणि कळा रजेच्या मंजुरीची वाट पाहत नाहींत. पनवेलजवळच्या शिरढोण येथें १८४५ सालीं जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत नोकरीस होते. आई आजारी असतां त्यांस वेळेवर रजा मिळाली नाहीं व आईची अखेरची भेट झाली नाहीं, ही कथा या तालुक्यांत पोरासोरांस ठाऊक आहे. ते तर पुण्यास, म्हणजे दोन दिवसांच्या वाटेवर होते. ज्याची पलटण काश्मीरांत अथवा अरुणाचलांत आहे, त्याच्या घरची गोष्ट काय सांगावी ?

दुसरा दाखला याहून मोठा आहे. १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या छावणींत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पत्नी भीमाबाई बाळंत झाल्या व त्यांचें चवदावें अपत्य जन्मास आलें. तें मूल पुढें राज्यघटनेचे शिल्पकार झालें, म्हणून तो दिवस आपण साजरा करतों. परंतु चवदा अपत्यांपैकीं बहुतेक बाळपणींच गेलीं व आईही लेकरू पांच-सहा वर्षांचें असतांना गेली, हें त्याच गोष्टीचें दुसरें अंग आहे. कोंकणांतील आंबडव्याचें घर सोडून छावण्याछावण्यांतून संसार करणाऱ्या त्या माउलीच्या उशाशीं शिकलेली सुईण कितीदां असेल, याचा विचार आमच्या वाचकांनीं करावा.

आतां विचुंब्याची गोष्ट घेऊं. हें गांव नवीन पनवेलास लागून आहे, तरी २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका झाली तेव्हां तींत सामील झालेल्या एकोणतीस गांवांत तें नव्हतें. येथील कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला. एका बाजूस जुनीं आगरी घरें व दुसऱ्या बाजूस मजल्यांवर मजले चढविलेल्या नव्या इमारती, असें या भागाचें आजचें रूप आहे. अशा इमारतींतून सातारा, सांगली, कोल्हापूर, महाड इकडून आलेलीं कुटुंबें राहतात, व या मुलुखांतून फौजेंत भरती होण्याची परंपरा जुनी आहे हें कोणास सांगणें नलगे. ज्या घरचा कर्ता पलटणींत आहे, ज्याची म्हातारी आई गांवीं शेताची राखण करीत आहे, आणि ज्याची बायको मुलांच्या शाळेसाठीं दोन खोल्यांत एकटी राहते, अशा घरास शेजारच्या मजल्यावरील माणसाचें नांवही ठाऊक नसतें. रुग्णालयाची येथें उणीव नाहीं. पनवेलास सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने तर पावलोपावलीं आहेत. उणीव आहे ती कळा सुरू झाल्यापासून मूल स्तनाशीं लागेपर्यंत हात धरून बसणाऱ्या जाणत्या बाईची.

ही उणीव केवळ विचुंब्याची नव्हे. २०१९ ते २०२१ च्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील शेंकडा ९४.७ बाळंतपणें दवाखान्यांत होतात, आणि शेंकडा २५.४ पोट चिरून होतात. २०१८ ते २०२० या काळांत दर लाख जिवंत जन्मांमागें मातांचे मृत्यु हिंदुस्थानांत ९७ व महाराष्ट्रांत ३३ होते. याचा अर्थ असा कीं, बाईस दवाखान्याच्या दारापर्यंत नेण्याचें काम आमच्या प्रांतानें बरेंच साधलें; पण दाराच्या आंत तिला धीर कोणी द्यावा, हें काम अजून व्हावयाचें आहे. एका परिचारिकेच्या वांट्यास अनेक खाटा येतात. ती एका बाईपाशीं आठ तास बसूं शकत नाहीं. हिंदुस्थान सरकारनें २०१६ सालीं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहूं देण्यास मोकळीक दिली, व ती स्वतः बाळंतपणाच्या कळा सोसलेली असावी असें सुचविलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत १७ देशांतील २६ प्रयोगांचा व १५ हजारांहून अधिक बायकांचा अनुभव एकत्र केला आहे. सतत सोबत मिळालेल्या बायकांत स्वाभाविक प्रसूति अधिक, शस्त्रक्रिया कमी व कळांचा काळ थोडा, असा त्याचा निष्कर्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१८ सालीं अशा सोबतीची शिफारस केली. आमच्या आज्यांस जें अनुभवानें ठाऊक होतें तें शास्त्रानें आतां मोजून दाखविलें, इतकेंच.

तथापि ‘सुईणपण’ या एका शब्दाखालीं तीन निरनिराळीं कामें येतात, व त्यांचा घोटाळा केल्यास मोठा अनर्थ होईल. पहिली पायरी सोबतिणीची. तिनें धीर द्यावा, कंबर चोळावी, पाणी पाजावें, श्वास कसा घ्यावा हें सांगावें, डॉक्टरचें बोलणें बाईस समजावून द्यावें, व नंतर अंगावर पाजण्यास मदत करावी. नाळेस तिनें हात लावूं नये. पाश्चात्य देशांत हिला डूला म्हणतात. दुसरी पायरी सहायक परिचारिका-प्रसाविकेची. तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून बारावी उत्तीर्ण झालेली १७ ते ३५ वयाची स्त्री त्यास जाऊं शकते. तिसरी पायरी शास्त्रशुद्ध प्रसाविकेची. २०१८ सालच्या सरकारी धोरणाप्रमाणें परिचर्येची पदविका अथवा पदवी व कामाचा अनुभव असलेल्या स्त्रीस आणखी अठरा महिने शिकून स्वतंत्रपणें स्वाभाविक प्रसूति करतां येते. पहिलीस थोडे आठवडे पुरतील, दुसरीस दोन वर्षें लागतील, तिसरीस त्याहून पुष्कळ अधिक. जो कोणी थोड्या आठवड्यांच्या वर्गांतून ‘सुईण’ तयार करून देतों म्हणेल, त्यास एक पैही देऊं नये.

अर्धवट शिक्षणाचा कडू अनुभव या देशानें एकदां घेतला आहे. १९०३ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकार्थ निधि जमवून गांवोगांवच्या दायांस शिकविण्याचा उद्योग झाला. वर्ग भरले, बक्षिसें वांटलीं गेलीं, पण वर्ग संपल्यावर दाई घरीं गेली व तिच्या मागें देखरेखीस कोणी राहिलें नाहीं, तेव्हां जुन्याच संवयी परत आल्या. याच्या उलट गडचिरोलीचें उदाहरण पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यांतीलच बायकांस नवजात बालकाची शुश्रूषा शिकविली, त्यांचें काम पुनःपुन्हा तपासलें, आणि त्या गांवांतून नवजात बालमृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६२ नें उतरल्याचें १९९९ सालीं जगापुढें मांडलें. पुढें त्याच पद्धतीस सरकारनें ‘आशा’ बायकांच्या द्वारें देशभर स्थान दिलें. दोन्हीकडे शिकणाऱ्या बायका साध्याच होत्या. देखरेख, सातत्य व हिशेब हीं गडचिरोलीस होतीं, तेथें यश आलें. पैसा देणाऱ्यानें या तीन गोष्टी मागून घेतल्याच पाहिजेत.

परदेशांत याविषयीं काय चाललें आहे तेंही पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत नोकरींत असलेल्या सैनिकाच्या पत्नीस किंवा पतीस धंद्याचें प्रमाणपत्र अथवा परवाना मिळविण्यासाठीं ४ हजार डॉलरांपर्यंत शिष्यवृत्ति मिळते, व ती मुख्यत्वें खालच्या व मधल्या हुद्द्यांच्या कुटुंबांसाठीं आहे. दुसरीकडे तेथील लष्करी आरोग्यविम्यानें १ जानेवारी २०२२ पासून पांच वर्षांच्या प्रयोगादाखल प्रमाणित डूलेच्या कामाचा मोबदला देण्यास आरंभ केला. या दोन गोष्टी जोडून वाचल्या म्हणजे त्यांतील मर्म कळतें : एका हातानें शिकविण्याचा खर्च, व दुसऱ्या हातानें शिकलेल्या कामास गिऱ्हाईक. व्यापारी वाचकांस हें अधिक समजावून सांगावयास नको. माल तयार करविला व पेठ उघडली नाहीं, तर भांडवल बुडतें. आमच्याकडे शिक्षणाच्या योजना निघतात, पण शिकलेल्या बाईस काम कोण देणार याचा करार कोणी करीत नाहीं.

दुसरी अडचण बदलीची. दर दोन-तीन वर्षांनीं बिऱ्हाड हलणार, मग शिकलेलें वायां जाईल, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मतें बाळंतपणाची विद्या बदलीस सर्वांत सोयीची आहे. दुकान उचलून नेतां येत नाहीं, पण ही विद्या जेथें बाई जाईल तेथें जाते, आणि मुलें कोठें जन्मत नाहींत असा प्रांत नाहीं. खरी अडचण नोंदणीची आहे. महाराष्ट्रांत नोंदलेल्या परिचारिकेस दुसऱ्या राज्यांत काम करावयाचें तर तेथील परिषदेचे उंबरे झिजवावे लागतात. २०२३ सालीं संमत झालेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाच्या कायद्यांत देशभराच्या एका नोंदवहीची योजना आहे. ती खरोखर अमलांत येऊन एका राज्यांतील नोंद दुसऱ्या राज्यांत बिनदिक्कत चालली, तर शिपायाच्या बायकोएवढा तिचा लाभ दुसऱ्या कोणास क्वचितच होईल. अमेरिकेनेंही २०२३ च्या आरंभीं सैनिकांच्या जोडीदारांचे परवाने बदलीच्या राज्यांत चालावे असा कायदा केला आहे.

लष्करानें स्वतःच्या घरांतही या बाबतींत पूर्वीं काय केलें तें सांगणें प्राप्त आहे. लेफ्टनंट सेलिना जॉन या लष्करी परिचर्या सेवेंत अधिकारी होत्या. १९८८ सालीं त्यांनीं एका लष्करी अधिकाऱ्याशींच विवाह केला, आणि विवाह केला म्हणून त्यांस सेवेंतून कमी करण्यांत आलें. तो नियम १९७७ सालचा. तो १९९५ सालीं रद्द झाला. फेब्रुवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो नियम उघड उघड मनमानीचा ठरवून त्यांस ६० लक्ष रुपये देवविले. शिकून तयार झालेली परिचारिका सैनिकाची पत्नी होतांच निरुपयोगी ठरावी, यापरता विपरीत न्याय कोणता ? न्याय मिळण्यास छत्तीस वर्षें लागलीं. नियम गेला, पण ज्या दृष्टींतून तो निघाला ती दृष्टि, म्हणजे बायको झाली कीं तिचा धंदा संपला ही समजूत, अद्याप गेलेली नाहीं.

आमच्या समाजांतील एक आक्षेप उघडपणें बोलला जात नाहीं, म्हणून आम्हींच तो बोलून दाखवितों. बाळंतपणाचें काम विटाळाचें, तें हलक्या मानलेल्या जातींच्या बायकांनीं करावें, असें पिढ्यानुपिढ्या चालत आलें. ज्या हातांनीं प्रत्येक घरचें मूल झेललें त्याच हातांस उंबऱ्याबाहेर उभें केलें. फौजी घराण्याच्या सुनेनें हें काम करावें काय, असें नाक मुरडून विचारणारे आजही आढळतील. त्यांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, रणांगणावर रक्तानें भरलेला हात जर मानाचा, तर सूतिकागृहांत रक्तानें भरलेला हात अमंगळ कसा ? एक हात जीव देण्याघेण्याचें काम करतो, दुसरा नुसता जीव देतो.

दुसरा आक्षेप याहून विचार करण्यासारखा आहे. पनवेल तालुक्यांतच कातकरी व ठाकूर वाड्या आहेत. तेथील मुलींस शिक्षणाची गरज अधिक, मग शिपायाच्या बायकोस झुकतें माप कां? हा प्रश्न रास्त आहे, व त्यास ‘देशसेवा’ एवढा एक शब्द फेंकून उत्तर देतां यावयाचें नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, वाडीवरील मुलीच्या वाट्याचा पैसा काढून सैनिकपत्नीस देऊं नये; सैनिकांच्या नांवानें जो पैसा आधींच गोळा होतो, त्याचें दार तिला उघडावें. शिवाय वर्ग एकत्र चालावे. शिपायाची बायको व वाडीवरची मुलगी एका बांकावर बसून शिकल्या, तर दोघींचेंही हित आहे. एकीस परमुलुखाचा अनुभव आहे, दुसरीस रानवाटांचा.

आतां पैशाचा हिशेब मांडूं. ५० हजारांचें विधवा-अनुदान उद्यां जसेंच्या तसें सैनिकपत्नीस लागू केलें असें समजा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावर तें पसरलें तर महिना सुमारें २ हजार ८३ रुपये पडतात. यांत शिक्षणाची फी, जाण्यायेण्याचें भाडें, व मुख्य म्हणजे आई रुग्णालयांत रात्रपाळीस असतां लहान मुलास सांभाळणाऱ्या बाईचा पगार, हें सर्व भागावयाचें. तें भागणार नाहीं हें कोणत्याही गृहिणीस कळेल. फी भरून मुलाची सोय न केली, तर बाई पहिल्याच सहामाहींत वर्ग सोडील. म्हणून जी शिष्यवृत्ति ठरवावयाची तींत पाळणाघराचा खर्च पहिल्या ओळीस लिहावा.

पैसा कोठून यावा ? नवा कर बसवा असें आम्ही म्हणत नाहीं. ग्रामपंचायतींनीं व जिल्हा परिषदांनीं स्वतःच्या उत्पन्नांतील शेंकडा १० भाग महिला व बालकल्याणाकडे खर्चावा असा महाराष्ट्रांत दंडक आहे. हा पैसा पुष्कळ ठिकाणीं भांडीं, शिलाईयंत्रें व समारंभ यांत जातो. नव्या इमारतींमुळें विचुंब्यासारख्या पंचायतींचें घरपट्टीचें उत्पन्न वाढणारच. तिनें त्यांतून दरसाल एक-दोन बायकांच्या शिक्षणाचा भार उचलला, तर गांवास दोन वर्षांत आपली प्रसाविका मिळेल. दुसरें, तळोजें व पाताळगंगा येथील कारखानदार. कायद्याच्या परिशिष्टांत लष्करासंबंधींच्या ओळींत सैनिकाची हयात पत्नी नाहीं हें खरें. पण त्याच परिशिष्टांत स्त्रियांस रोजगारोपयोगी धंदेशिक्षण देण्याची निराळी ओळ आहे. तिच्याखालीं हा खर्च आजच करतां येतो. कायदा बदलेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. तिसरे, पेठेंतील आमचे व्यापारी बंधु. ज्या पनवेलांत १८५२ इतक्या जुन्या काळीं नगरपालिका उभी राहिली, त्या शहरास सार्वजनिक कामाची ओळख नव्यानें करून देण्याची गरज नाहीं. पांच दुकानदारांनीं मिळून एका बाईची फी व एका बाळाचा सांभाळ पत्करला, तरी ध्वजदिनाच्या डब्यांत टाकलेल्या नाण्यापेक्षां तो पैसा डोळ्यांस दिसणारा होईल.

सरकारकडे आमचें मागणें तीनच कलमांचें आहे. पहिलें, केंद्रीय सैनिक मंडळाच्या धंदेशिक्षणाच्या अनुदानांत ‘विधवा’ या शब्दाशेजारीं ‘नोकरींत असलेल्या सैनिकाची पत्नी’ हे शब्द घालावे. विधवेचा हक्क तिळमात्र कमी न करतां. दुसरें, जिल्ह्यांतील सैनिक कल्याण कचेरीनें आरोग्य खात्याशीं करार करून शिकलेल्या सोबतिणीस व परिचारिकेस सरकारी प्रसूतिगृहांत मोबदल्यासह काम द्यावें, आणि वर्षाअखेर किती शिकल्या, किती टिकल्या, किती कामास लागल्या याचा हिशेब छापून काढावा. तिसरें, वयाची मर्यादा. जी मुलगी विसाव्या वर्षीं लग्न करून पलटणीमागें फिरली तिला श्वास घेण्यास सवड मिळते ती तिशी उलटल्यावर. तिच्यासाठीं ३५ ची मर्यादा कांहीं वर्षांनीं पुढें ढकलावी.

चौथी एक गोष्ट कालमानानें निकडीची होत आहे. २०२२ सालापासून शिपाईगिरीची भरती अग्निपथ योजनेनें होते. चार वर्षांनीं शेंकडा २५ पर्यंत अग्निवीर कायम व्हावयाचे व बाकीचे घरीं यावयाचे. त्यांस माजी सैनिकाचा दर्जा नाहीं. तेव्हां जी मदत ‘माजी सैनिकाची विधवा’ या व्याख्येवर टांगलेली आहे, तिच्या कक्षेबाहेर राहणारीं घरें यापुढें वाढतच जाणार. तेथील कर्ता पंचविशीच्या आंतबाहेर नवा धंदा शोधीत असेल, आणि त्याच वेळीं त्याचें लग्न व पहिलें मूल येईल. अशा घरांत बायकोच्या हातीं विद्या असणें ही चैन नव्हे. ती चुलीची गरज आहे.

शूर पुरुषाच्या मागें त्याच्या कुटुंबाचा मान राखावा हें आमच्या लोकांस शिकवावें लागत नाहीं. वीरपत्नीस व्यासपीठावर बोलावून शालश्रीफळ देण्यांत कोणतेंही गांव मागें राहत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तोच मान ती सौभाग्यवती असतांना, तिच्या हातांत पाटी, पुस्तक व प्रसूतिगृहाचा पांढरा पोशाख देऊन करावा. ग्रामपंचायतीच्या पुढच्या अंदाजपत्रकांत त्यासाठीं एक ओळ घालण्यास विचुंब्याच्या पंचांस कोणाच्या परवानगीची वाट पाहावयास नको. आणि पंच ती विसरले तर ग्रामसभेंत उभें राहून त्यांस आठवण करून देण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे. वाचकांनीं तो बजावावा.